ठशावरचं तेल

गुंडाळी उलटी होती. झालं होतं ते एवढंच, आणि एवढ्यावरून कुणा शहाण्या माणसाचा रविवार नासायचं काही कारण नव्हतं. पण जिनदत्त मगदूम मास्तरचा नासला. सांगलीच्या गावभागात, माडीवरच्या खोलीत, खिडकीपाशी बसून त्याने बेंदवाडीच्या दगडाचा ठसा उघडायला घेतला, तर कागदाची काळी बाजू वर आलेली. तो ठसे नेहमी अक्षरं आत ठेवून गुंडाळायचा. अक्षरं आत, कोरी पाठ बाहेर, वर सुताची एक गाठ. आगाशिवच्या लेण्यांपासून मिरजेच्या दर्ग्यापर्यंत बारा वर्षांत त्याचा हात यात कधी चुकला नव्हता. ही गुंडाळी अक्षरं बाहेर ठेवून केलेली होती आणि गाठ दुहेरी होती. कागद पुरता उलगडला तेव्हा खालच्या कोपऱ्यात तळहाताएवढा तेलाचा डाग निघाला. त्याने डागाला नाक लावलं. मग जिन्याकडे पाहिलं, उठून दाराला कडी घातली आणि पुन्हा नाक लावलं.

लोक त्याला दगडमास्तर म्हणत. शाळेत तो इतिहास शिकवायचा आणि सुटी मिळाली की पुण्याच्या एका मंडळासाठी जुन्या कोरीव लेखांचे ठसे घेत हिंडायचा. पडकी देवळं, ओसाड जैन बस्त्या, बुरुजात उलटे बसवलेले शिळालेख, हीच त्याची तीर्थयात्रा. काम तसं धोब्याचंच. दगड पाण्याने धुवायचा, ओला कागद त्यावर पसरायचा, कुंचल्याच्या केसांनी ठोकठोकून तो अक्षरांच्या खाचांत बसवायचा आणि सुकत आला की शाईचा बोळा वरून टेकवत न्यायचा. दगड काळा उमटतो, अक्षरं पांढरी राहतात. घरात आईची कानडी आणि शाळेची मराठी, दोन्ही असल्यामुळे त्याला हे जुने लेख लागायचे. मिरजेतल्या फार्सी लेखांसाठी तिथल्या दर्ग्याच्या मुजावराच्या पाया पडावं लागे. या मुलखाची गंमत अशी, की दगड एक आणि त्याला वारस तीन. लिंगायत म्हणणार आमच्या स्वामींचा, जैन म्हणणार आमच्या बस्तीचा, मराठे म्हणणार आमचा वीर, आणि तिघंही त्यालाच नारळ फोडणार. जिनदत्त हे सगळं ऐकून घ्यायचा आणि खरं काय ते वहीत लिहायचा. तोंडाने सांगत नसे. सांगून कुणाचं भलं झालंय?

आणि बेंदवाडीच्या दगडाबद्दल तर त्याने मुद्दामच तोंड शिवून ठेवलं होतं. कारण तो दगड हंबीररावाचा होता.

हंबीरराव म्हणजे लढाईवरून परत आलेला हवालदार. मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, वाळूत तोफेचा गोळा शेजारी फुटला आणि त्याचा डावा कान कायमचा गेला. सरकारने पेन्शन देऊन घरी पाठवला. दीड वर्षापूर्वी तासगावच्या बाजारात दोघांची गाठ पडली. मास्तर दगड बघत हिंडतो म्हटल्यावर हा पोट धरधरून हसला होता. "मिसरात असलं दगड लय, मास्तर. गोरं सायेब त्येंच्या म्होरं हुबं ऱ्हाऊन फोटू काडायचं. मी म्हनायचो, आरं आमच्या डोंगरावर या की रं, घरटी एक दगड हाय!" तेव्हापासून तो सोबत येऊ लागला. पाण्याची घागर वाहायचा, काट्याकुट्यातून वाट काढायचा, मास्तरच्या डाव्या हाताला राहून चालायचा, म्हणजे त्याचा शाबूत कान मास्तरकडे राही. बदल्यात काही मागत नसे. पहिल्यांदा जिनदत्तला हे फार आवडलं होतं. आता तेल लागलेला कागद मांडीवर घेऊन बसल्यावर त्याच्या मनात आलं, का मागत नसे?

एकदा हा प्रश्न उठला की मागचं सगळं कूस बदलून बसतं. चव्वेचाळीस साल होतं. सांगली संस्थानात, तासगाव इंग्रजांच्या खालसा मुलखात; मध्ये एक ओढा आणि एक नाका. इकडून तिकडे पळणारे, तिकडून इकडे लपणारे, त्यांच्या मागावरचे आणि मागावरच्यांच्याही मागावरचे, असा सगळा सातारा जिल्हा एकमेकांच्या पाठीकडे बघत चालला होता. सरकारला खबर देणाऱ्याची एक गत व्हायची, न देणाऱ्याची दुसरी. अशा दिवसांत कागदांची भेंडोळी घेऊन हिंडणारा परका माणूस दिसला, तर गावाने त्याला आधी झाडाला बांधून मग नाव विचारायला हवं होतं. जिनदत्तला मात्र कुठल्याच गावाने कधी काही विचारलं नव्हतं. हीच गोष्ट आता त्याच्या छातीवर धोंड्यासारखी बसली. वेशीपाशी आलं की हंबीरराव म्हणायचा, "मास्तर, तुमी जरा ह्या लिंबाखाली टेका. मी आलोच." आणि अर्धा-पाऊण तास गायब. परत आला की गाव कसं शहाण्यासारखं वागायचं. कुणी ताक आणी, कुणी देवळाचं कुलूप काढी, कुणी दगडावरची गोवरी उचली. प्रश्न नाही, चौकशी नाही. म्हणजे त्यांना आधीच काहीतरी सांगितलेलं असे. काय सांगितलेलं असे? एकदा तर देवळामागे हंबीरराव दोन तरण्या माणसांशी कुजबुजताना त्याने स्वतः पाहिला होता. हा दिसताच तिघंही गप्प झाले, आणि एकजण म्हणाला, "ऊन लय हाय आज." आभाळ तर तेव्हा भरून आलेलं होतं.

आणि हे तेल. संस्थानच्या शिकाऱ्याची बंदूक त्याने एकदा हातात घेऊन पाहिली होती; तिलाही तेलाचा वास होता. तोच वास हा, अशी त्याची आता खात्री होऊ लागली. खरं तर तो वास आठवायला वीस वर्षं मागे जावं लागत होतं, पण संशयाला लांबचं फार स्वच्छ दिसतं. बेंदवाडीला ठसा घेतला त्या दिवशी आभाळामुळे कागद सुकेना, म्हणून तो हंबीररावाच्या घरी ठेवून जिनदत्त एकटाच परतला होता. आठवड्याने हंबीररावाने तो गुंडाळून सांगलीला आणून पोचवला; मास्तरची गुंडाळायची रीत त्याला पाठ होती. ते आठ दिवस हा कागद कुठे होता? याच्यात काय गुंडाळलं होतं? नाक्यावरचे शिपाई दगडमास्तरच्या भेंडोळ्यांना आता हात लावत नसत; हसून सोडून देत. म्हणजे भेंडोळ्यात चिठ्ठी जाईल, पिस्तूलही जाईल. हंबीरराव इंग्रजांविरुद्ध जंगलात उतरलेल्या मंडळींचा असेल तर उद्या संस्थानचा फौजदार या माडीवर येईल, नोकरी जाईल, तुरुंग होईल. आणि तो सरकारचा खबऱ्या असेल, मास्तरच्या आडून गावोगावची माहिती काढत असेल, तर जंगलातली मंडळी येतील. त्यांच्याकडे तर तुरुंगही नाही. कुठल्याही बाजूने धरलं तरी मान जिनदत्तचीच होती.

"आवं, दाराला कडी कशापायी?" खालून शालनने विचारलं. त्याने कडी काढली. बायको वर आली, कागद बघितला, डाग बघितला. "तेल हाय. कागदावर मानूस जेवला आसंल कुनीतरी."

"तुला काही कळत नाही."

"मला न्हाई कळत. तुमाला कळतंय, म्हनून तर अन्न गोड लागंना तुमास्नी," ती म्हणाली आणि भाजी निवडायला खाली गेली. जाताना जिन्यातून तिने वळून पाहिलं. हीसुद्धा बघते आहे, असं त्याच्या मनात आलं, आणि आपण बायकोवरही संशय घेतो याची त्याला लाज वाटली. लाज वाटली तरी त्याने कागद कपाटात मागे, आगमाच्या पोथ्यांआड सारला.

खरं पाहता लपवाछपवी त्यानेही केली होतीच. बेंदवाडीच्या डोंगरावरचा तो दगड हंबीररावाच्या भावकीचा वीरबाबा होता. लग्नातली पहिली अक्षता त्याला, नवीन बैलाची पहिली ओवाळणी त्याला, आणि दर आवसेला तेल. तेलाचा जाड थर बसून दगड काळाकुळकुळीत झाला होता. ठसा घ्यायचा तर तो थर धुवावा लागणार होता. मास्तरने चाचरत विचारलं तेव्हा हंबीरराव डोंगराकडे बघत म्हणाला, "धुवा. तुमी धुवायला हरकत न्हाई. पर दिस बुडायच्या आत त्येला परत तेल घालायचं." दोघांनी मिळून राखेने आणि गरम पाण्याने दगड घासला. घासता घासता खाली जुनी कानडी अक्षरं उघडी पडली आणि जिनदत्तने पहिली ओळ वाचली तेव्हाच त्याचा हात थांबला. तो वीर नव्हताच. तो एक जैन मुनी होता. अन्नपाणी सोडून, व्रत घेऊन, शांतपणे मेलेला. त्याच्या शिष्याने हा दगड उभा केला होता. तलवार म्हणून भावकी ज्याला शेंदूर लावायची, ती मुनीची मोरपिसांची पिच्छी होती. "काय लिवलंय वो?" हंबीररावाने विचारलं. "झिजलंय. नीट लागत नाही," जिनदत्त म्हणाला. हे त्याने चांगुलपणानेच केलं, असं तो स्वतःला सांगत आला होता. आपण लपवलं तर तो चांगुलपणा आणि दुसऱ्याने लपवला तर तो कट, हा हिशोब त्याला त्या रविवारी सुचला नाही.

संध्याकाळी तो भाऊसोंच्या दुकानात गेला. भाऊसो म्हणजे शालनच्या नात्यातले, पेठेतले कापडवाले. गोड बोलणारे, आणि सगळीकडे उठबस असलेले. त्यांच्या गादीवर फौजदारही बसून जायचा आणि ज्यांना फौजदार शोधत होता त्यांची धोतरंही तिथूनच जायची, असं लोक म्हणत. जिनदत्त काही सांगायला गेला नव्हता. निदान त्याला तसं वाटत होतं. पायच तिकडे वळले, झालं. इकडतिकडच्या गप्पा झाल्या. ठाण कापता कापता भाऊसो म्हणाले, "तो तुमचा हवालदार बरा आहे ना? बऱ्याच दिवसांत दिसला नाही."

"माणूस बरा आहे," जिनदत्त म्हणाला. आणि मग, कुणी न विचारता, "पण गावात शिरलं की जातो कुठं आणि बोलतो कुणाशी, ते काही कळत नाही."

एवढंच वाक्य. भाऊसोंची कात्री थांबली. त्यांनी मान वर केली नाही, कापडाकडे बघतच म्हणाले, "असं होय?" आणि कात्री पुन्हा चालू झाली. घरी येताना जिनदत्तला हलकं वाटलं. धोंडा छातीवरून उतरला होता. तो कुणाच्या छातीवर जाऊन बसला, हे त्याने त्या संध्याकाळी पाहिलं नाही. रात्री त्याने दोन भाकरी खाल्ल्या, आणि शालनने त्याच्याकडे आश्चर्याने बघितलं.

पुढच्या रविवारी दंडोबाच्या डोंगरावर जायचं ठरलं होतं. हंबीरराव आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही आला नाही. जिनदत्तने पहिल्यांदा स्वतःशी म्हटलं, बघा, चोराच्या मनात चांदणं. मग दोन दिवस गेले आणि शाळेत फळ्यावर सनावळी लिहिता लिहिता खडू तुटला, तेव्हा एकाएकी त्याला भाऊसोंची थांबलेली कात्री आठवली. पुढच्या सुटीला त्याने मोटार पकडली. कोळशाच्या वायूवर चालणारी ती मोटार दर मैलाला धापा टाकत होती. नाक्यावर शिपायाने हसून विचारलं, "काय मास्तर, आज भेंडोळी न्हाई?" तासगावला उतरून तो तीन कोस चालत गेला. बेंदवाडीच्या वेशीपाशी आला आणि सवयीने लिंबाखाली थांबला. मग लक्षात आलं, आज आपल्याआधी गावात जाणारं कुणी नाही. तो तसाच पुढे झाला. चावडीपाशी बसलेली माणसं त्याला पाहून बोलायची थांबली. एकाने उठून विचारलं, "कोन गाव पावनं? कुनाकडं?" दीड वर्षात पहिल्यांदा त्याला कुणीतरी प्रश्न विचारला होता. त्याने हंबीररावाचं नाव सांगितलं. माणसाने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि बाजूला झाला.

हंबीरराव घराच्या पुढच्या सोप्यात घोंगड्यावर पडला होता. दोन्ही पाय पुढे पसरलेले, तळव्यांना हळद-तेलात भिजवलेल्या चिंध्या बांधलेल्या. चिंध्यांच्या बाहेर आलेली बोटं सुजून निळी पडली होती. मास्तरला पाहताच त्याचा चेहरा असा काही उजळला की जिनदत्तला जमिनीकडे बघावं लागलं. "या की! आयं, बग कोन आलंय. मास्तर आलं!"

"पावन्यास्नी गूळपानी देतू," आतून त्याची आई, भामाबाई, म्हणाली.

"पावनं कुटलं? मास्तर घरचंच हायत," हंबीरराव म्हणाला. सोप्यात बसायला जागा होती ती त्याच्या डाव्या हाताला. जिनदत्त तिथेच टेकला. पायांकडे बोट दाखवून, आवाज चढवून त्याने विचारलं, हे कसं झालं. चौघं आले होते, भर दुपारी, असं हंबीरराव म्हणाला. कोण, कुठले, ते त्याने सांगितलं नाही. आणि त्या दिवसांत असं विचारायची रीतही नव्हती. "मला म्हनले, गावात शिरतोस आन् जातोस कुटं? बोलतोस कुनासंगं? आता मी काय सांगू? दुसऱ्यांची नावं घ्यायची व्हय? न्हाई घेतली. मग काय, दिलं तळव्यावर. लडाईवर गोळा खाल्ला, गड्या, पर ह्ये लय वंगाळ."

जिनदत्तच्या कानांत स्वतःचंच वाक्य, शब्दाला शब्द, परत आलं होतं. त्याने मोठ्याने विचारलं, "पण खरंच, कुठं जायचा तुम्ही?"

हंबीररावाला हसू आलं. "आवं, तुमच्यापायी! कागद घिऊन हिंडनारा मानूस, कोनबी धरलं आसतं तुमास्नी. म्हून मी आदी जायाचो. गावच्या पोरास्नी सांगायचो, मास्तर आपला मानूस हाय, त्येच्या जिवाला मी जामीन. त्येला कायबी इचारू नगा. एका गावाला तर तुमास्नी हिरीतच ढकलनार हुती, तवा पाय धरलं मी." तो डोंगराकडे बघत बोलत होता, सोप्यातून वीरबाबाची टेकडी सरळ दिसायची. "तुमास्नी न्हाई सांगितलं. उगा भ्याला आसता."

भामाबाई गुळाचा खडा आणि तांब्या घेऊन आली. गुडघे धरत धरत, भिंतीचा आधार घेत. तीन वर्षांत तिचा डोंगर चढून झाला नव्हता. ती जिनदत्तच्या समोर बसली आणि तिने त्याच्या दोन्ही हातांवरून हात फिरवला. "लय उपकार झालं बाबा तुजं. त्यो कागद ठिवून गेलास, तवा माजा द्येव घरी आला. ह्यानं पाटावर मांडला. आट दिस म्या रोज पायापाशी तेल लावलं. करडईचं, घरचं." मग थोडं लाजून म्हणाली, "ह्यो म्हनत हुता, मास्तर त्वांड आत करून गुंडाळत्यात. म्या म्हनलं, न्हाई रं, द्येवाचं त्वांड कुनी कोंडतंय व्हय? भाईर आसू दे. बाबाला वाट दिसू दे."

 करडईचं तेल. शालनने पाहिल्याबरोबर सांगितलं होतं, तेल हाय. भामाबाई उठून चुलीकडे गेली. हंबीरराव अजून टेकडीकडेच बघत होता. तो म्हणाला, "मास्तर, एक इचारू? तुमी लिवनारं-वाचनारं मानूस. हजार वर्सामागं कोन कसा मेला, ते दगडावरनं सांगता. मला एवडं सांगा, माजं नाव त्येंच्या कानावर कुनी घातलं आसंल वो? रोज पडल्या पडल्या एकेकाचं त्वांड डोळ्याम्होरं आनतोय. भावकीतल्यांवर संशव येतोय. काल तर सख्ख्या चुलत्याला उंबऱ्यावरनं माघारी लावला. आसं जगायला नगं वाटतंय."

"मी," जिनदत्त म्हणाला. "हवालदार, ते मीच बोललो."

आवाज हळूच निघाला. हंबीररावाचा डावा कान त्याच्याकडे होता आणि नजर टेकडीवर. तो तसाच वाट बघत राहिला. मग सुस्कारा टाकून म्हणाला, "जाऊ द्या. तुमास्नी तरी कसं ठावं आसनार."

जिनदत्त बसून राहिला. बोलून तर झालं होतं. खोटं बोलायचं नाही असं व्रत लहानपणी बस्तीत घेतलं होतं. निदान आज तरी तेही मोडलं नव्हतं. चारची मोटार गाठायची तर आता निघायला हवं होतं. चार-सहा महिन्यांत पाय बरे होतील. डोंगरफेऱ्या पुन्हा होतील, घागर पुन्हा येईल, डाव्या हाताला तीच पावलं वाजतील, आणि चुलता मात्र उंबऱ्याबाहेर राहील. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. बाहेर कुणीतरी बैलाला पाण्यावर नेत होतं. इतकं सोपं होतं सगळं, की त्याला स्वतःची किळस आली.

तो उठला. पसरलेले पाय ओलांडायचे नसतात, म्हणून त्यांना वळसा घालून, खांबाला धरून, पलीकडे गेला. तिथे बसायला जागा नव्हती. तो जमिनीवरच हंबीररावाच्या उजव्या कानाशी उकिडवा बसला आणि सगळं पुन्हा बोलला. गुंडाळी, तेल, बंदुकीचा वास, भाऊसोंचं दुकान, आणि ते एक वाक्य, जसंच्या तसं. वीरबाबाच्या दगडावर काय लिहिलंय तेही सांगून टाकलं. या वेळी आवाज हळू निघाला नाही. आतलं भाकरी थापणं थांबलं.

 हंबीररावाने टेकडीवरची नजर काढली नाही. फक्त एक पाय आत ओढून घेतला; ओढताना दात आवळले गेले. मग दुसरा. दोन्ही पाय त्याने घोंगड्याखाली झाकले आणि घोंगड्याची कड नीट दाबली.

"आयं," तो आत बघून म्हणाला, "पावन्यास्नी पानी दे. निगालं ते."